खात्रीचं वजन

कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी काका ती पाठीकडून धरून दोनदा हलवायचे. एकदा पुढे-मागे, एकदा डावीकडे-उजवीकडे. मग "एक मिनिट हं," म्हणून वाकून तिचे पाय बघायचे आणि त्यानंतरच टेकायचे. आमच्या घरी ते पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा मला वाटलं, यांच्या हातातून काहीतरी खाली पडलं. मदत करावी म्हणून मीही वाकलो. टेबलाखाली आमची डोकी समोरासमोर आली.

"मागचा डावा पाय उलटा बसवलाय," काका म्हणाले. "कुणी जोडली खुर्ची?"

"आली तशीच आहे," मी म्हणालो.

"खोक्यातून आली. यानेच जोडली," वरून बायकोचा आवाज आला. "चार स्क्रू उरले होते. म्हणाला, एक्स्ट्रा देतात."

त्या दिवशी भात वाढण्याआधी काकांनी आमच्या सहाही खुर्च्या उलट्या करून तपासल्या. तीन पास झाल्या. जेवायला आम्ही चौघं होतो. मी उभ्याने जेवलो.

काका सनीव्हेलच्या आमच्याच अपार्टमेंटमध्ये, पलीकडच्या इमारतीत तळमजल्यावर राहायचे. खूप जुन्या काळी अमेरिकेत आलेल्यांपैकी. आयुष्यभर त्यांनी लिफ्ट तपासल्या. लिफ्टमध्ये काचेमागे एक सरकारी कागद असतो बघा, ही लिफ्ट तपासली आहे, ठीक आहे, आणि खाली सही. तुम्ही तो कधी वाचला नसेल, मीही नाही. त्या सह्यांमधली एक सही काकांची. निवृत्त झाल्यावर तपासायला लिफ्ट उरल्या नाहीत, तेव्हा ते आमच्याकडे वळले.

नापास करताना मात्र त्यांचा आवाज कधी चढला नाही. डॉक्टर "थोडी साखर आहे" म्हणतात ना, त्या सुरात काका "थोडं ढिलं आहे" म्हणायचे. आमचं पुस्तकांचं कपाट थोडं ढिलं होतं. शेजाऱ्यांच्या गॅलरीचा कठडा थोडा ढिला होता. मंडळाच्या गणपतीत अध्यक्षांचं भाषण झालं, तेव्हाही काका माझ्या कानाशी येऊन तेच म्हणाले.

आता आपल्याकडे उन्हाळा आला की भारतातून आईवडील येतात. पहिल्या महिन्यात त्यांचा लाल पूल बघून होतो, देऊळ बघून होतं, घाऊक दुकानातले बादलीएवढे लोणच्याचे डबे बघून होतात. दुसऱ्या महिन्यापासून ती माणसं खिडकीशी बसून पार्किंगमधल्या गाड्या बघत राहतात. तिसऱ्या महिन्यात एकमेकांशी भांडतात. काका हे सगळं ओळखून होते. कुणाच्याही घरी आईवडील आले की पाच-सहा आठवड्यांनी त्यांचा फोन जायचा, "शनिवारी मोकळे आहात ना? गाडी बघून येऊ."

गाडी म्हणजे आमच्या भागातली एक जुनी मजा. डोंगर ओलांडून तासाभरावर समुद्र आहे. तिथल्या एका छोट्या गावात, वाळूपासून कड्यावरच्या रस्त्यापर्यंत तिरकी चढत जाणारी एक चिमुकली रेल्वे आहे, शंभरी ओलांडलेली. पिवळ्या रंगाचे दोन लाकडी डबे, एकाच जाड तारेच्या दोन टोकांना बांधलेले. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. रूळ एकच. फक्त मध्यावर त्याचे दोन होतात आणि तिथे दोन्ही डबे अगदी सावकाश एकमेकांना ओलांडतात. प्रवास दोन मिनिटांचा. काकांचं स्पष्टीकरण पस्तीस मिनिटांचं.

"सांगतो," म्हणून ते सुरू करायचे. पिशवीतून दोन छोटे स्टीलचे डबे निघायचे. एकात शेंगदाणे, एकात चिवडा. दोन्हींच्या कड्यांना सुतळी बांधलेली. ती सुतळी बोटावर टाकून काका एक डबा वर, एक खाली करायचे, आणि वाळूत उभे असलेले आईवडील डोळ्यांवर हात धरून शेंगदाणे चढताना बघायचे. एकदा नागपूरच्या एका आजोबांनी विचारलं, "पण दोर तुटला तर?" काका खुश झाले. "चांगला प्रश्न आहे," म्हणाले, आणि पस्तीसची पन्नास मिनिटं झाली.

शिवाय वजनाचा भाग होता. दोन्ही डबे तोलाचे असावेत असा काकांचा आग्रह. गुरुवारी ग्रुपवर मेसेज यायचा, "शनिवारी येणाऱ्यांनी आपापले वजन कळवावे." एका मावशींनी लग्नातलं वजन कळवलं. शनिवारी काकांनी त्यांच्याकडे एकदाच बघितलं आणि वहीतल्या आकड्याला दीडने गुणलं.

या सगळ्यात माझं काम ड्रायव्हरचं. माझ्याकडे सात जणांची व्हॅन होती आणि शनिवारी घरात थांबलो तर कपाट घट्ट करावं लागलं असतं. तीन उन्हाळे मी लोकांना नेलं, आणलं. वर गेलो, समुद्र बघितला, पोहे खाल्ले. माझी नजर किती तीक्ष्ण आहे बघा, तीन उन्हाळे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की काका गाडीत कधीच बसत नाहीत. सगळ्यांना तोलून मापून बसवायचे, दार लागलं की मागे सरायचे आणि म्हणायचे, "कुणीतरी खाली राहायला हवं."

एका शनिवारी परत येताना पाहुण्यांना सोडलं आणि व्हॅनमध्ये आम्ही दोघंच उरलो, तेव्हा मी विचारलं, "काका, तुम्ही कधी बसलात का हो त्या गाडीत?"

"सांगतो," काका म्हणाले. दोन सिग्नल गेले. मग काचेबाहेर बघत म्हणाले, "मला भीती वाटते रे."

"कशाची?"

"तारेची. तीस वर्षं रोज फॉर्म भरला. काय काय बिघडू शकतं त्याच्या चौकटी. बिघडलेलं क्वचितच सापडायचं, पण चौकटी रोज वाचाव्या लागायच्या ना. ड्यूटीवर होतो तोवर ठीक होतं, हातात फॉर्म असायचा. रिटायर झालो तसा फॉर्म गेला आणि चौकटी डोक्यात राहिल्या."

तळमजला त्यासाठी होता. आमच्या तिसऱ्या मजल्यावर ते जिना चढून यायचे तेही त्यासाठीच. मी त्याला व्यायाम समजत होतो, आणि बायको रोज मला त्यांचं उदाहरण द्यायची.

"काकूंना माहीत होतं?" काकू जाऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती.

"तिला डोंगर दिसणारं घर हवं होतं. मी तळमजला घेतला. तिने खिडकीत कढीपत्ता लावला. विचारलं नाही कधी." मग एकदम माझ्याकडे वळून, "कुणाला सांगू नकोस हं. आईवडील घाबरतील."

मी सांगितलं नाही. फक्त बायकोला सांगितलं.

पुढच्या मे महिन्यात काकांची थोरली बहीण आली. आक्का. इस्लामपूरच्या, वय चौऱ्याऐंशी. नवरा लवकर गेला तशी पिठाची गिरणी त्यांनी स्वतः चाळीस वर्षं चालवली. पट्टा सुटला तर पट्टा चढवला, दगडाला टाकी लावायची तर तीही स्वतः लावली. काका त्यांना दर रविवारी सकाळी फोन करायचे आणि फोनवर गाडीबद्दल सांगायचे. नुसतं सांगितलं असतं तर चाललं असतं. पण बहिणीला फोन करताना माणूस कसा फुलतो ते तुम्हाला माहीत आहे. "परवाच वर जाऊन आलो, आक्का, काय समुद्र दिसतो!" असं कधीतरी तोंडातून गेलं. मग दर रविवारी जावं लागलं. शेवटी इस्लामपुरात अशी समजूत झाली की आमचे काका अमेरिकेत डोंगरावर रेल्वे चालवतात.

आक्का आल्या आणि त्यांनी अमेरिका बघायला साफ नकार दिला. "पूल फोनवर बघितला की. देऊळ आमच्याकडं आहे. मला बाळाच्या गाडीत बाळाशेजारी बसायचंय, बाकी काही दाखवू नका."

बाळ म्हणजे काका. शहात्तर वर्षांचे. माझी पंधरा वर्षांची मुलगी रेवा हे ऐकून इतकी खुश झाली की तिने फोनमध्ये काकांचं नाव बदललं.

काकांनी पाच आठवडे टाळलं. एकदा धुकं होतं. एकदा स्वतःचा गुडघा दुखत होता. एकदा पाऊस येईल म्हणाले. जुलैत, कॅलिफोर्नियात. आता आक्कांचं विमान मंगळवारी होतं आणि मध्ये एकच शनिवार उरला होता. गुरुवारी संध्याकाळी काका आमच्याकडे आले आणि खुर्ची न हलवताच तिच्यावर बसले. मी बायकोकडे बघितलं. परिस्थिती गंभीर होती.

"खोटं बोललो रे मी तिच्याशी," काका म्हणाले. "ती पुन्हा काही येणार नाही, या वयात. परवा मी खाली थांबलो की तिला कळणार. आणि कळलं तरी ती काही म्हणणार नाही. तेच मला नको आहे."

"मग बसा ना काका. दोन मिनिटं तर आहेत," बायको म्हणाली.

"दोन मिनिटं आणि दहा सेकंद."

तेव्हा मला कल्पना सुचली. माझ्या कल्पनांचा आमच्या घरातला इतिहास बघता बायकोने तिथेच थांबवायला हवं होतं. हातात फॉर्म असला की काकांना भीती वाटत नाही, हे मला माहीत होतं. म्हणजे फॉर्म दिला की झालं! शुक्रवारी ऑफिसात बसून मी चार पानांचा तपासणीचा फॉर्म तयार केला. चौकटी, रकाने, वर गंभीर मथळा, खाली सहीची जागा, सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात नियम. पुठ्ठ्याच्या पॅडला लावला. इतकं मन लावून मी त्या आठवड्यात दुसरं काहीही केलं नव्हतं.

शनिवारी सकाळी समुद्रावर गर्दी नव्हती. आक्कांना खालच्या स्टेशनातल्या बाकावर बसवलं. रेवा त्यांच्याजवळ. गाडी चालवणारी रोझ नावाची सत्तरीची बाई, निळी टोपी घातलेली, काकांना कित्येक वर्षं ओळखायची. तिने हात केला. मी हळूच काकांना पॅड दिलं. "काका, ड्यूटी."

त्यांनी मथळा वाचला, आणि खरं सांगतो, माणूस दोन इंच उंच झाला. खिशातून पेन निघालं. रोझची परवानगी घेऊन काका डब्याकडे गेले. दारं उघडली, लावली. बाक हलवले. खाली वाकून चाकं बघितली. तारेला कान लावल्यासारखं केलं. मी रेवाकडे बघून भुवया उडवल्या. वीस मिनिटांनी काका परत आले आणि पॅड माझ्या हातात दिलं.

"नापास."

"काय?"

"सात ठिकाणी थोडं ढिलं आहे. खिडकीची एक कडी, बाकाचे दोन स्क्रू, पाटीचा खिळा..."

"पाटीच्या खिळ्याने गाडी पडेल का काका?"

"छे. उत्तम गाडी आहे. पण तुझा नियम बघ ना." त्यांनी बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "'सात किंवा अधिक दोष आढळल्यास प्रवासी बसवू नयेत.'"

"अहो, ते मी खरं वाटावं म्हणून लिहिलं होतं!"

"खरंच वाटतं," काका म्हणाले. आवाजात कौतुक होतं आणि सुटकाही.

"बाबा," रेवा म्हणाली, "यू हॅड वन जॉब."

आक्का हे सगळं बाकावरून बघत होत्या. आता त्या उठल्या आणि काकांसमोर येऊन उभ्या राहिल्या. काकांच्या छातीपर्यंत पोचतील एवढ्या त्या.

"बाळ, तू यात कधी बसला नाहीस, व्हय?"

काका पायाजवळची वाळू बघू लागले. रेवा आणि मीही तीच वाळू बघू लागलो.

"बरं," आक्का म्हणाल्या. राग नाही, टोमणा नाही, नुसतं बरं. काकांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, यापेक्षा आक्कांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग आक्कांनी निऱ्या जरा वर खोचल्या आणि चालायला लागल्या. रुळाशेजारून एक लाकडी जिना कड्यावर जातो. एकशे साठ पायऱ्या. त्या सरळ त्या जिन्याला लागल्या.

"आक्का! कुठे?"

"वर. तू गाडीत बसत नाहीस तर जिन्यानं जाऊ की दोघं. समुद्र तोच आहे."

"अगं, एकशे साठ पायऱ्या आहेत! उतर खाली!"

"तू बस गाडीत, मग उतरते." चौथी पायरी. पाचवी.

"तुझे गुडघे..."

आक्का कठडा धरून वळल्या. "गुडघे माझे आहेत. भीती तुझी आहे. दोन्ही वर न्यायची आहेत. कशानं न्यायची ते तू ठरव." आणि सहावी पायरी. सातवी. आठवीला त्यांचा श्वास ऐकू यायला लागला.

काका जिन्याच्या तळाशी उभे. एक हात वर, एक हात खाली, जसा सुतळीचा डबा अधांतरी. नवव्या पायरीवर आक्का थांबल्या, पदराने तोंड पुसलं आणि दहावीला पाऊल उचललं. काका वळले. तरातरा डब्याकडे गेले आणि आत जाऊन बसले. दोन्ही हातांनी बाक असा धरला की बोटं पांढरी झाली.

आक्कांना रेवाने हात देऊन उतरवलं. त्या आत गेल्या, काकांच्या बाजूला बसल्या, मग मान तिरकी करून सुरू असलेल्या मोटरकडे कान दिला. गिरणीत बसून चाळीस वर्षं हेच केलेलं. "आवाज चांगला आहे," त्यांनी जाहीर केलं. "पट्टा सुटायचा असला की आधी आवाज बदलतो. हा काही सुटत नाही."

रोझने घंटेच्या दोरीला हात घातला.

"एक मिनिट हं!" काका ओरडले. तेही मराठीत, पण रोझ थांबली. काकांनी मला खिडकीशी बोलावलं. "तुझं वजन किती?"

"ऐंशी."

"नाइन्टी-फोर," आतून रेवा म्हणाली.

"चौऱ्याण्णव. छान," काका म्हणाले. "तू वर जा आणि वरच्या डब्यात बस."

"मी? कशाला?"

"दुसऱ्या टोकाला मला खात्रीचं वजन पाहिजे."

"पण काका, तुम्हीच तर सांगता, मोटर आहे, तीन ब्रेक आहेत..."

"हो. वजनाचा काही संबंध नाही. मला सगळं माहीत आहे. तरी तू बस."

"मग आता याच डब्यातून तुमच्याबरोबर वर..."

"मग त्या टोकाला कोण? आणि तू आधी गाडीने जातोस म्हणशील, तर मला उतरावं लागेल. मी एकदा उतरलो की परत बसणार नाही." हे त्यांनी इतक्या प्रामाणिकपणे सांगितलं की मी जिन्याकडे वळलो.

तर चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईंना ज्या पायऱ्या चढू दिल्या नाहीत, त्या मी चढलो. साठाव्या पायरीवर मला माझा नाश्ता आठवला. नव्वदाव्या पायरीवर फोन वाजला.

"बसलास?"

"चढतोय... काका..."

"पळू नकोस. घाम गेला की वजन कमी होतं."

वरच्या डब्यात एक जोडपं आणि त्यांचा कुत्रा आधीच बसले होते. मी आत जाऊन अक्षरशः पडलो. पुन्हा फोन. "आणखी कोण आहे वर?" मी सांगितलं. "कुत्रा केवढा?"

"वासराएवढा."

"वा! बघ, सगळं जुळून येतंय," काका म्हणाले. मग खालून घंटा ऐकू आली.

मध्यावर दोन्ही डबे सावकाश होतात हे मी सांगितलंच. दोन हातांच्या अंतरावरून त्यांचा डबा आला. काकांचे डोळे घट्ट मिटलेले. आणि मिटल्या डोळ्यांनी ते मोठमोठ्याने स्पष्टीकरण देत होते, तार कशी गुंडाळते, ब्रेक कुठे असतात. सगळं मराठीत. समोर बसलेले चार अमेरिकन पर्यटक आदराने माना हलवत होते. काकांच्या एका मुठीत आक्कांच्या पदराचं टोक होतं. आक्का खिडकीतून समुद्र बघत होत्या, पदर ओढला जातोय याकडे लक्ष न देता, गर्दीच्या बाजारात लहान भाऊ बरोबर असल्यासारख्या.

मी खाली पोचलो, ते वर. लगेच रेवाचा फोन. "बाबा, डोन्ट गेट आउट. वी आर कमिंग डाउन, सो यू हॅव टू गो अप."

"मी परत वर? मग मी तुम्हाला भेटणार कधी?"

"आय डोन्ट नो, बाबा. इट्स फिजिक्स."

मागून काकांचा आवाज, "कुत्रा उतरला का विचार त्याला." कुत्रा उतरला होता. मग मला एका धिप्पाड अनोळखी गृहस्थांना विनंती करावी लागली, की आपण जरा या डब्यात बसता का. का, ते मी कसं सांगितलं ते विचारू नका. ते बसले, पण माझ्यापासून लांब.

दुसऱ्या फेरीत काकांचा एक डोळा उघडा होता. त्या डोळ्याने त्यांनी मला शोधलं, गृहस्थांना तोललं आणि मान डोलावली. खाली गेल्यावर आक्का उतरायलाच तयार नव्हत्या. म्हणाल्या, मगाशी बाळाने समुद्र दाखवलाच नाही, नुसती मशीन सांगितली. तिसऱ्या फेरीत काकांचे दोन्ही डोळे उघडे होते आणि ते काचेतून माझ्याकडे बोट करून पर्यटकांना काहीतरी सांगत होते. पर्यटकांनी मला हात केले. रेवाने नंतर सांगितलं, "ही सेड, दॅट्स आवर वेट."

इथे पुढचं थोडं सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. मंगळवारी आक्का गेल्या. दिवाळीनंतर काकाही सनीव्हेल सोडून दूर उत्तरेला, रेडमंडला मुलाकडे राहायला गेले. तो किती वर्षं बोलावत होता म्हणे. त्याचं घर सहाव्या मजल्यावर आहे हे मला सामान बांधताना कळलं. फोन करतात. तिथे सारखा पाऊस असतो, जिन्याचा कठडा थोडा ढिला आहे, लिफ्ट बरी आहे. मंडळातल्या आईवडिलांना आता मी गाडी दाखवायला नेतो. माझं स्पष्टीकरण चार मिनिटांत संपतं. दोर तुटला तर काय, असं कुणी विचारलं की मी चिवडा पुढे करतो.

तर चौथी फेरी. ते वरून खाली, मी खालून वर. एव्हाना मला सवय झाली होती. मध्य जवळ आला तसा मी सरसावून बसलो, काकांना शोधता यावं म्हणून खिडकीत तोंड घातलं आणि दोन्ही हात हलवले. त्यांचा डबा आला. काका समुद्राच्या बाजूला, बाकावरून अर्धे उठलेले. पाण्यावरून पाणकोळ्यांची एक लांबलचक रांग चालली होती, ती ते आक्कांना दाखवत होते. त्यांचे दोन्ही हात हवेत होते. आक्का काहीतरी बोलल्या. त्यावर काका मान मागे टाकून हसले, त्यांचे वरचे दात मला पहिल्यांदाच दिसले. मी काचेवर टकटक केलं. डबा पुढे गेला.

वर पोचलो आणि शहाण्यासारखा जागेवरच बसून राहिलो. फोन हातात. पाच मिनिटं झाली. वरच्या माणसाने विचारलं, उतरताय की बसताय? मी म्हटलं, निरोपाची वाट बघतोय. दहा मिनिटं झाली. शेवटी मी उतरलो आणि कठड्याशी जाऊन खाली बघितलं.

तिघं वाळूलगतच्या भिंतीवर ओळीने बसली होती. पोह्यांचा डबा उघडलेला. काकांचा हात वर-खाली, वर-खाली चालला होता, आणि आक्का नाही नाही म्हणून मान हलवत होत्या. मी रेवाला फोन लावला. तिने खिशातून काढून बघितला, आणि पोह्यांवर वाळू पडू नये म्हणून ताटलीवर पालथा घातला.

मी आणखी थोडा वेळ वरच थांबलो. तिथून समुद्र खरोखरच छान दिसतो.